अवसेच्या दिवशी मुराळी

माझं तिकीट लातूरचं होतं आणि मी धाराशिवला उतरले. नीट उजाडलंही नव्हतं. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी माझी पिशवी धरून सांगितलं, की लातूर अजून लांब आहे, झोपा निवांत. त्यांना वाटलं असणार, ही झोपेतच उठून चालली. मी तर रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. सरळ लातूरला आईकडं जावं, का मधेच उतरून कळंब गाठावं आणि धाकट्या बहिणीला घेऊनच घरी जावं, एवढंच डोक्यात घोळत होतं. गाडी थांबली तरी काही ठरलं नव्हतं. पाय आपले खाली उतरले, आणि गाडी हलल्यावर मला कळलं की ठरलं.

आमच्याकडं नागपंचमीला लेकीला माहेरी आणतात. तिला आणायला जो जातो तो मुराळी. भाऊ जातो, भाऊ नसला तर चुलता, नाहीतर मामा. आम्ही दोघी बहिणीच. वडील गेले, चुलत्यांशी बोलणं नाही. बहिणीला कळंबला देऊन दोन वर्षं झाली होती आणि तेवढ्यात एकदाही ती माहेरी आली नव्हती. मामा दोनदा मुराळी म्हणून जाऊन आले. दोन्ही वेळा चहा पिऊन, पानसुपारी खाऊन, हात हलवत परत. सासरची माणसं किती गोड आहेत, हे मात्र तोंडभरून सांगायचे. मला त्या गोडपणाचाच राग यायचा. एखादा तोंडावर नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडता तरी येतं.

बाळंतपणही तिचं सासरीच झालं. मुलगी झाली. मी पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे, रोज दुसऱ्यांच्या बाळंतिणी सांभाळते, आणि माझ्या बहिणीच्या लेकराला मी फक्त फोनवर बघितलेलं. फोन कायम स्पीकरवर असायचा. बहीण बोलायची आणि मागून सासूचं खाकरणं ऐकू यायचं.

पुणे स्टेशनात गाडीची वाट बघत उभी होते तेव्हा तिचा फोन आला होता. जेवलीस का, आई कशी आहे, एवढंच. मग म्हणाली, "अक्का, पंचमीला आईच्या हातचे दिंड खावं वाटायलंय." मी हो म्हणलं, फोन ठेवला, आणि मग उमगलं, ती काय म्हणाली.

दिंड म्हणजे कणकेच्या घडीत पुरण भरून वाफवलेले. पंचमीला आमच्यात काही चिरत नाहीत, तळत नाहीत, म्हणून दिंड. आणि माझ्या बहिणीला पुरणाचा वासही सहन होत नाही. लहानपणी होळीला आई पाठीत धपाटे घालायची, ताटासमोरून उठू द्यायची नाही, तरी ही बया तोंड घट्ट मिटून बसायची. एकदा जबरदस्तीनं घास भरवला तर आईच्याच अंगावर थुंकली होती. घरात यावरून तिला किती चिडवलं असेल! ती पोरगी दिंड खायचे म्हणते, याचा अर्थ मला सोडून त्या घरात कुणालाही कळणार नव्हता. ये आणि मला घेऊन जा, असं ती म्हणत होती.

तर मी उतरले. धाराशिवचं स्टेशन गावाबाहेर, म्हणून रिक्षा केली. रिक्षावाला काही निघेना. पुढच्या काचेखाली नवं लिंबू-मिरची बांधत बसला होता, जुनं तोडून नाल्यात टाकलं, नारळ फोडला, चाकावर पाणी शिंपडलं. मी त्याच्यावर खेकसले, की अहो, गिऱ्हाइकाला घाई आहे, तुमची पूजा नंतर करा. त्यानं खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि गप रिक्षा चालू केली. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं. डोक्यात काही शिरलं नाही.

स्टँडवर पेढ्याचा बॉक्स घेतला. मुराळी रिकाम्या हातानं जात नाही, घरून शिदोरी नेतो, लाडू, करंज्या, सासरच्या सगळ्यांना पुरेल एवढी. माझ्याकडं कुठली शिदोरी! येडशी, येरमाळा करत एसटी कळंबला पोचेपर्यंत मी मनात सगळं जुळवलं होतं. बहिणीच्या सासऱ्याची मार्केट यार्डात आडत आहे. धान्याची आवक असते, सासरा आणि नवरा सकाळपासून दुकानावर. घरी सासू एकटी. एका म्हातारीशी दोन हात करायला मी पुरी आहे, असा माझा हिशेब होता.

बहिणीचं घर यार्डामागंच. फाटकाशी आले आणि थांबले. सगळ्या आडतींची शटरं बंद. एक पोतं हालत नव्हतं. हमाल वडाखाली पत्ते खेळत बसलेले. मी एकाला विचारलं, आज काय झालं? तो म्हणाला, "अवस हाय की, ताई. दिव्याची अवस."

अवसेला, म्हणजे अमावस्येला, यार्ड बंद असतं. अवसेला कुणी व्यवहार करत नाही, प्रवासाला निघत नाही, आणि अवसेला लेक-सून घराबाहेर काढत नाहीत. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? माझी आई अवसेला मला शाळेच्या सहलीलासुद्धा पाठवायची नाही. पण पुण्यात माझे दिवस ड्युटीच्या पाळीनं मोजले जातात, तिथं तिथी कोण बघतं. मुराळी म्हणून निघाले आणि दिवस न बघता निघाले. घरातली सगळी माणसं घरी असतील असा महिन्यातला नेमका दिवस मी शोधून काढला होता. परत फिरावं असं क्षणभर वाटलं. मग त्या दिंडाची आठवण झाली आणि मी चालू लागले.

बहिणीच्या सासरी मला फार चांगलं बसवलं. सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले, या या बाई, लई दिवसांनी पाय लागले म्हणाले. पांढराशुभ्र सदरा, कपाळाला गंध, बोलणं हळू. नवरा बनियनवर मोबाइल बघत बसला होता, त्यानं मान हलवली. सासूनं पेढ्याचा बॉक्स हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, आईनं शिदोरी दिली न्हाय व्हय? मी म्हणलं, आईचा हात दुखतो. हे खोटं होतं, पण त्या घरात मला खरं बोलायचीच भीती वाटायला लागली होती.

पाणी घेऊन बहीण आली. डोक्यावर पदर, खाली मान. दोन वर्षांपूर्वी लग्नात फोटोवाल्याशी भांडणारी माझी बहीण ती. तांब्या तिनं डाव्या हातात धरला होता. उजवा हात पदराखाली. ती जन्मापासून उजवी. तांब्या ठेवताना पदर सरकला आणि मी तिचं मनगट बघितलं. मोडलेलं हाड कुणी नीट बसवलं नाही, की ते कसं दिसतं हे मी दवाखान्यात बघितलेलं आहे. तो हात कुणी मोडला, हे तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. माझ्या अंगाची आग झाली. तोंडाशी आलेलं सगळं मी पाण्याबरोबर गिळलं, कारण ओरडले असते तर मला उंबऱ्याबाहेर घालायला त्यांना एक मिनिट लागलं असतं आणि ती आतच राहिली असती.

मी हात जोडून बोलले. पंचमीला न्यायला आले म्हणाले. सासरे हसले. आज अवस, हे त्यांनी मला फार मायेनं समजावून सांगितलं. शिवाय मुराळी म्हणून बाईमाणूस येत नसतं, मामांना पाठवायचं होतं. आता आलाच आहात तर जेवा, विश्रांती घ्या, पंचमीच्या आधी आम्हीच आणून घालू. मामांनाही दोन्ही वेळा हेच सांगितलं होतं. मी सासऱ्यांना म्हणलं, मी थांबते, उद्या नेते. ते म्हणाले, उद्या यार्ड उघडतं, शेतावरची माणसं जेवायला असतात, सुनेशिवाय कसं व्हायचं? मग परवा? परवाचं परवा बघू.

पोलिसात जायचं, असं आता मला कितीतरी जण सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातं. मीही फोन हातात धरून बसले होते. बहिणीनं दारातून माझ्याकडं बघून मान हलवली, एवढीशीच, आणि मी फोन पर्समध्ये टाकला. तिची भीती कशाची ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

ते कळलं मोरीपाशी. दिव्याच्या अवसेला घरातले सगळे दिवे घासतात. समया, निरांजनं, कंदील, सगळं अंगणात काढलं होतं. मी साडी खोचून बसले आणि म्हणलं, द्या, मी घासते. पाहुणीला काम कसं लावायचं म्हणून सासू नाही म्हणत राहिली, तोवर मी चिंच-मीठ घेऊन समई घासायला घेतलीसुद्धा. बहीण शेजारी बसून डाव्या हातानं पाणी घालत होती. सासू बाजेवर बसून लेकराला खेळवत होती, डोळा आमच्यावर. पितळेचा आवाज मोठा केला की बोलणं ऐकू जात नाही. मी समई दगडावर आपटत विचारलं, चलतेस का आत्ता, अशीच? खाली मान घालून ती म्हणाली, "मला कवाबी सोडतेत गं, अक्का. लेकरू देत न्हाईत."

तिनं मग तुकड्या-तुकड्यात सांगितलं. एकदा ती निघाली होती, स्टँडपर्यंत गेली होती. कुणीही अडवलं नाही. फक्त सासूनं पोरीला उचलून आत नेलं आणि दार लावलं. दुपारपर्यंत स्टँडवर बसून दूध उतरून चोळी भिजली, आणि ती स्वतःच्या पायानं परत आली. त्यानंतर तो हात. मी समई घासत राहिले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि चिंचेच्या हातानं पुसायचीही सोय नव्हती.

पोरगी नुकती रांगायला लागलेली, गोरी, डोळे आमच्या वडिलांचे. मला बघून एकदाही रडली नाही. पण सासूनं दिवसभर तिला खाली ठेवलं नाही. दूध पाजायला द्यायची आणि पाजून झालं की घ्यायची, आपली चावी मागून घ्यावी तशी.

जेवायला बसले. वाढलेलं सगळं संपवलं, न जेवता गेली असं म्हणायला त्यांना जागा नको म्हणून. आईचे फोन येत होते. गाडी उशिरा आहे म्हणून सांगितलं. मग मी सासऱ्यांना शेवटचं विचारून बघितलं. म्हणलं, तुमची सून तुमचीच राहू दे, मी पंचमीपुरती पोरीला आणि तिला नेऊन परत आणून सोडते, शब्द देते. ते शांतपणे म्हणाले, "आज सांजच्याला लेकराला ओवाळायचं असतंय. ओवाळल्याबिगर लेकरू उंबऱ्याबाहेर जात न्हाय, बाई."

मी म्हणलं, बरं, ओवाळून झालं की निघतो.

"आन् दिवे लागल्यावर घरची लक्ष्मी बाहेर काढतेत व्हय?"

दिवे लागायच्या आधी लेकरू जाऊ शकत नव्हतं आणि दिवे लागल्यावर आई. या दोन्हींच्या मधे काही नव्हतं. इतका घट्ट बंदोबस्त कुठल्याच कुलपानं झाला नसता, आणि वर तो माणूस मला सुपारी कातरून देत होता. मी भिंतीला टेकून बसले. असं हताश मला वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान करण्यासारखं काही उरलं नव्हतं. इथं माझी बहीण माझ्यापासून दहा पावलांवर कणीक तिंबत होती, एका हातानं, आणि मी तिला उचलून नेऊ शकत नव्हते. संध्याकाळची लातूरची गाडी पकडून एकटीनं जायचं, आईला काय सांगायचं, हे मी मनात जुळवायला लागले. मामाही असेच जुळवत गेले असतील, असं वाटून त्यांचा राग जरा कमी झाला.

दिवेलागण झाली. पाटावर घासलेले दिवे मांडले, कणकेचे गोड दिवे तबकात लावले. गल्लीत दारोदारी हेच चाललं होतं, बायका लेकरांना ओवाळत होत्या. सासू म्हणाली, मावशी हाय तर मावशीनंच मांडीवर घ्यावं. रीत सोडून तिला चालणार नव्हतं. लेकरू पहिल्यांदा माझ्या मांडीवर आलं. बहिणीनं डाव्या हातात तबक धरून ओवाळलं. पोरगी ज्योतीकडं बघून हसली.

तेवढ्यात समोरच्या घरची बाई आपल्या दारातून म्हणाली, की नवा झबला दाखवा की, मावशीनं आणला का? झबला मी आणला नव्हता, जुनाच होता. पण मी उठले, लेकराला घेऊन दाराबाहेर पायरीवर आले, आणि हात उंच करून तिला दाखवलं. शेजारणीनं मागितल्यावर सासूला चारचौघांत नाही म्हणता येईना. मी बाहेर उभी होते आणि लेकरू माझ्या हातात होतं. खरं सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त एवढंच, की आता आत जायचं नाही, काय व्हायचं ते होवो.

बहीण तबक घेऊन मागं आली. लेकराच्या जिभेवर साखर ठेवायची राहिली होती. ती दारात आली, माझ्याकडं बघितलं, वाकली आणि पेटलेल्या दिव्यांचं तबक उंबऱ्यावर ठेवलं. एक पाय बाहेर टाकला. मग दुसरा.

"अक्का, चल," म्हणाली.

आतून नवरा धावला. मला त्याचा पाय दिसला, तबक बाजूला सारायला उचललेला. आणि सासऱ्यांचा आवाज आला, तसाच हळू, की लेकराच्या ओवाळणीचा दिवा हाय तो, पाय लावू नगं. नवऱ्याचा पाय जागच्या जागी थांबला. सासू देवघरातून ओरडत होती, उचल की हातानं, उचल. त्यानं उचललं असणारच. पुढचं मी बघितलं नाही. तो म्हातारा नेमाला भिऊन बोलला, का दिवसभरात त्याला काही वाटलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. समोरची बाई एक क्षण आमच्याकडं बघत राहिली, मग तोंड फिरवून तिनं आपल्या पोरांना ओवाळायला घेतलं. तिचे माझ्यावर उपकार आहेत.

माझी कपड्यांची पिशवी तिथंच राहिली, पर्स तेवढी खांद्याला होती. बहीण अनवाणी होती, पायरीवरच्या माझ्या चपला तिला दिल्या. स्टँडवर लातूरची गाडी उभी, ड्रायव्हर खाली चहा पीत होता. तो एक कप चहा माणूस किती वेळ पितो हे मला त्या दिवशी कळलं. मी स्टँडच्या फाटकाकडं बघत होते, बहीण खाली वाकून सीटच्या मागं बसली होती, पोरगी छातीशी. एक मोटरसायकल आत आली तर मी खिडकीतून मान आत घेतली. दूध घालणारा निघाला. शेवटी गाडी हलली. बहीण लातूर येईपर्यंत सरळ बसली नाही. रडलीही नाही.

नंतरचं नेहमीचंच. हाताचा एक्स-रे काढला, हाड वाकडं जुळलं होतं, पुन्हा मोडून बसवावं लागलं. फोन आले, मध्यस्थ आले, आई दार लावून बसली. ते सगळं अजून चालूच आहे. पण मी त्या दिवसांत हवेत होते. शेजारपाजारच्यांना, मामांना, ड्युटीवरच्या मैत्रिणींना, सगळ्यांना सांगत सुटले होते, की मी जाऊन आणली बहिणीला, अवसेच्या दिवशी आणली.

पंचमीला आईनं दिंड केले. लेकीनं फोनवर मागितले होते एवढंच मी तिला सांगितलेलं, त्यामागचं सांगितलं नव्हतं. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बहीण ताटावर बसली. आईनं दोन दिंड वाढले, वर तुपाची धार धरली. मी पोरीला भात भरवत होते आणि गालातल्या गालात हसत वाट बघत होते, की आता ही तोंड वाकडं करील, आता आईच्या अंगावर खेकसेल.

तिनं खाल्ले. हळूहळू, खाली मान घालून, डाव्या हातानं. कण ठेवला नाही. तूपसुद्धा बोटानं पुसून घेतलं.

मी म्हणलं, अगं, पुरण आहे ते. तिनं आधी दाराकडं बघितलं, मग आईकडं, मग माझ्याकडं. "चांगलं झालंय," म्हणाली. आईला बरं वाटलं. तिनं आणखी एक वाढला आणि बहिणीनं तोही खाल्ला.